खाणीच्या ढिगाऱ्यातून झिरपणारे आम्ल : कारण, काळ आणि जबाबदारी



विषय ऐकून काहींना वाटले असेल की पत्रिका छापताना वक्त्याचे नाव चुकले. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्याने खाणीच्या कचऱ्यावर बोलायचे म्हणजे काय? आणि तेही जालन्यात! आपल्याकडे खाण म्हटली की खडी फोडण्याची खाण. कोळसा नाही, तांबे नाही. आपली ओळख मोसंबी, बियाणे आणि लोखंडाच्या सळया. तर हा विषय मी का घेतला ते बोलता बोलता कळेल. सुरुवात आपण मोसंबीपासूनच करू.

तुमच्यापैकी ज्यांची बाग आहे त्यांनी पाहिले असेल, झाडाची नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा मात्र हिरव्या राहतात. कृषी सहायक सांगतो, लोहाची कमतरता आहे, फेरस सल्फेट फवारा. आता गंमत बघा. आपल्या काळ्या मातीत लोह कमी आहे का? मुळीच नाही. ही माती ज्या बेसाल्टपासून झाली त्यात लोह भरपूर आहे. पण आपल्या जमिनीत चुनखडीही भरपूर आहे. नांगरताना पांढरे खडे वर येतात ना, तेच. त्या चुन्यामुळे मातीचा सामू आठच्या आसपास किंवा वर राहतो, आणि अशा जमिनीत लोह विरघळत नाही. ताटात वाढलेले आहे, पण घास घेता येत नाही. म्हणून आपण दुकानातून हिराकस आणतो. फेरस सल्फेट म्हणजेच हिराकस. माझ्या आजोबांकडे हिरडा आणि हिराकशीची शाई असायची, त्यामुळे हा शब्द माझ्या कानावर लहानपणीच पडला. खतांच्या दुकानात तो मला पुन्हा भेटला.

ही हिराकस डोक्यात ठेवा. आपण जी पैसे देऊन आणतो, ती काही ठिकाणी डोंगरातून आपोआप वाहते. इतकी वाहते की ओढ्यातला मासा मरतो, पंपाचा पंखा खाऊन जातो आणि पिण्याच्या पाण्यात तांबे, जस्त, शिसे उतरते. तोच आज आपला विषय आहे.

जमिनीत खोलवर काही खडकांमध्ये लोह आणि गंधक यांचे एक खनिज असते, पायराइट. पिवळे, चकचकीत, सोन्यासारखे. वैद्य मंडळी सुवर्णमाक्षिक म्हणतात ते याच कुळातले, त्यात तांबेही असते. जमिनीच्या पोटात हे खनिज कोट्यवधी वर्षे शांत पडून असते, कारण तिथे हवा नाही. खाण खणली की सुरुंगाने तो दगड फुटतो. एका मोठ्या शिळेचे लाखो तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याला नवी अंगे मिळतात, आणि त्या सगळ्या अंगांना हवा आणि पाणी लागते. पायराइट, प्राणवायू आणि पाणी एकत्र आले की आधी हिराकस तयार होते आणि तिच्याबरोबर गंधकाम्ल, म्हणजे आपल्या जुन्या बोलीतले तेजाब. पुढे लोह गंजून तांबूस-पिवळा गाळ बसतो आणि आणखी आम्ल सुटते. ओढ्याच्या दगडांवर नारिंगी थर दिसतो तो हाच.

इथपर्यंत ही प्रक्रिया संथ असते. पण तिला एक मदतनीस मिळतो. १९४७ साली कोल्मर आणि हिंकल या दोन अमेरिकी संशोधकांनी कोळसा खाणीच्या आंबट पाण्यात एक जिवाणू दाखवून दिला. तो ना साखर खातो ना कुजके पान. तो विरघळलेल्या लोहाचे रूप बदलतो आणि त्यातून जी ऊर्जा मिळते तिच्यावर जगतो. त्याला आम्ल बाधत नाही, उलट आवडते. १९७० मध्ये सिंगर आणि स्टम यांनी दाखवले की हे जिवाणू असतील तर लोह बदलण्याचा तो टप्पा सुमारे दहा लाख पट वेगाने होतो. आणि बदललेले लोह काय करते? आम्ल पाण्यात ते विरघळलेलेच राहते आणि स्वतःच पायराइटवर तुटून पडते. म्हणजे आम्लाने जिवाणू वाढतात, जिवाणूंनी लोह बदलते, त्या लोहाने आणखी पायराइट फुटते, त्यातून आणखी आम्ल. एकदा हे चाक फिरू लागले की थांबवणे फार अवघड.

किती अवघड? कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन या जुन्या खाणीतले काम १९६३ मध्ये संपले. तिच्या आतल्या पाण्याचा सामू उणे ३.६ मोजला गेला. सामू उणे असू शकतो हे मलाही तोवर माहीत नव्हते. आजही तिथले पाणी शुद्ध करावे लागते, आणि डोंगरातले पायराइट संपायला सुमारे तीन हजार वर्षे लागतील असा अंदाज आहे. स्पेनमधली रिओ तिंतो नदी तर हजारो वर्षांच्या खाणकामानंतर आजही लाल वाहते.

आता माझ्या घरच्या प्रांतात येतो. न्यायशास्त्राचा एक जुना वाद आहे. विस्तव हाताला लागला की हात भाजतो. पण म्हणे विशिष्ट मणी जवळ ठेवला तर विस्तव असूनही भाजत नाही. मण्याच्या खरेपणाचा वाद आत्ता घालू नका, तो दृष्टांत आहे. प्रश्न असा की मणी ठेवल्यावर विस्तवाचे काय झाले? मीमांसक म्हणाले, विस्तवात जाळण्याची एक अदृश्य शक्ती असते, ती मण्याने नष्ट केली. नैयायिकांना हे पटले नाही. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त याचा समाचार घेतला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की कार्य एका कारणाने होत नाही, कारणांची सगळी सामग्री जमावी लागते. आणि प्रतिबंध करणारी वस्तू जवळ नसणे हासुद्धा त्या सामग्रीचा भाग आहे. मणी आहे म्हणजे सामग्री अपुरी आहे. विस्तव जसाच्या तसा आहे.

ही गोष्ट मी तीस-पस्तीस वर्षे वर्गात सांगत आलो, आणि खरे सांगायचे तर मुलांना ती निरर्थक वाटायची. मला तिचा अर्थ एका ढिगाऱ्यासमोर उभे राहिल्यावर नीट लागला.

खाणीच्या ढिगाऱ्यात पायराइट हा विस्तव आहे. आणि मणी म्हणजे चुनखडी. कॅल्साइट, डोलोमाइट, असे जे जे आम्ल शोषून घेते ते. ज्या दगडात पायराइटबरोबर चुनाही आहे, तिथे आम्ल तयार होते आणि जागच्या जागी मरते. ढिगाऱ्याखालून निघणारे पाणी स्वच्छ, सामू सात, सव्वासात. सगळे समाधानी. पण या मण्यात आणि न्यायशास्त्रातल्या मण्यात एक फरक आहे. हा मणी झिजतो. प्रत्येक थेंब आम्ल मारताना थोडा चुना खर्ची पडतो. ज्या दिवशी चुना संपतो आणि पायराइट शिल्लक असते, त्या दिवसापासून तेच पाणी आंबट होऊ लागते. यात दोन वर्षे जातील, दहा जातील, वीसही जातील. तोवर खाणीचा करार संपलेला असतो, साहेब निवृत्त झालेले असतात, आणि कंपनीचा फलकही काढून नेलेला असतो.

हिशेब अगदी शाळकरी आहे, तो मी फळ्यावर करतो. दगडात एक टक्का गंधक पायराइटच्या रूपात असेल, तर एक टन दगडात गंधक दहा किलो. त्यापासून होणारे सगळे आम्ल मारायला चुनखडी लागते ३१.२५ किलो. ढिगारा एक कोटी टनांचा असेल, आणि खाणीवर तो काही फार मोठा म्हणत नाहीत, तर चुनखडी लागेल तीन लाख साडेबारा हजार टन. दहा टनांच्या ट्रकने आणायची म्हटली तर सव्वाएकतीस हजार खेपा. हा हिशेब खाण सुरू होण्याआधी, बोअर घेऊन काढलेल्या दगडाच्या नमुन्यांवर करता येतो. दगडात आम्ल किती दडले आहे आणि चुना किती आहे, दोन्ही मोजायचे आणि वजाबाकी करायची. शंका असेल तर दगडाचा चुरा प्रयोगशाळेत आठवडेच्या आठवडे आळीपाळीने ओला-कोरडा करून, दर वेळी धुतलेले पाणी तपासायचे.

विदर्भातल्या एका बंद कोळसा खाणीपाशी मी एकदा गेलो होतो, नाव सांगत नाही. माझा एक जुना विद्यार्थी त्या भागात शिक्षक आहे, त्याने नेले. ढिगाऱ्याच्या पायथ्याला एका शेतकऱ्याची विहीर. तो म्हणाला, "सर, पाणी दहा-बारा वर्षं गोड होतं. आता तीन वर्षांत दोन पंप गेले." त्याने पंपाचा पंखा दाखवला, पितळेचे पाते वाळवीने खाल्ल्यासारखे झाले होते. त्याच्याजवळ एक कागद जपून ठेवलेला होता, जुना, खाण बंद करतानाचा. पाण्याचा नमुना घेतला, सामू ७.२, मर्यादेत, शेरा समाधानकारक. आणि तो शेरा खोटा नव्हता बरं का. त्या दिवशी पाणी खरोखरच चांगले होते.

मग चूक कुठे झाली? ही चूक रसायनशास्त्राची नाही, ही ज्ञानशास्त्राची चूक आहे. आपल्याकडे अनुपलब्धीची चर्चा आहे. टेबलावर घडा नाही हे मला कसे कळते? घडा दिसत नाही यावरून. पण 'दिसत नाही म्हणून नाही' असे सरसकट म्हणता येत नाही. अंधारात घडा दिसत नाही, म्हणून तो नाही असे नव्हे. म्हणून शास्त्रकारांनी अट घातली, योग्यानुपलब्धी हवी. वस्तू असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. तरच तिचे न दिसणे हा तिच्या नसण्याचा पुरावा. आता त्या कागदाकडे बघा. चुना शिल्लक असताना आम्ल पाण्यात दिसणारच नव्हते. तेव्हा ते दिसले नाही, यावरून ढिगाऱ्यात आम्ल नाही असा निष्कर्ष कसा काढता येईल? अंधारात घडा शोधून 'घडा नाही' असा दाखला देण्यासारखेच ते झाले.

आपल्या पावसाळ्याने यात आणखी एक गोंधळ घातला आहे. आठ महिने ढिगारा कोरडा. आत पायराइट हवेशी बोलतच असते, पण आम्ल वाहून न्यायला पाणी नसते. मग ते दगडाच्या अंगावर क्षारांच्या रूपाने साचते, पांढरे, पिवळे, हिरवट फुलोरे येतात. जूनचा पहिला जोरदार पाऊस ते सगळे एकदम धुऊन नेतो. मासे मरायचे ते तेव्हा. ऑगस्टमध्ये नमुना घेणाऱ्याला पावसाने पातळ झालेले, बऱ्यापैकी पाणी मिळते. जानेवारीत जाणाऱ्याला ओढा कोरडा. दोघेही प्रामाणिकपणे 'काही नाही' असे लिहितात.

आता हे घडते कुठे? आपल्या देशात सर्वात वाईट अवस्था मेघालयातल्या जयंतिया टेकड्यांची. तिथला कोळसा गंधकाने भरलेला आणि खाणी उंदराच्या बिळासारख्या. तिथल्या नद्या इतक्या आंबट झाल्या की लुखा नदीचे पाणी हिवाळ्यात गर्द निळे दिसते. फोटो काढायला छान, पण मासा नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्या बिळांवर बंदी घातली. आपल्या वर्धा खोऱ्यातला कोळसा मात्र गोंडवना काळातला, त्यात गंधक सहसा एक टक्क्याच्या आत. म्हणून चंद्रपूर-वणीकडे सगळ्या खाणींचे पाणी आंबट नसते. काही ठिकाणी असते, बऱ्याच ठिकाणी ते जड आणि सल्फेटने भरलेले असते. सल्फेट म्हणजे काय, तर आम्ल झाले होते आणि मेले, त्याची राख.

गोव्याचे उदाहरण बरेच जण देतात, पण ते इथे लागू होत नाही, आणि हे सांगितले पाहिजे. गोव्याचे लोहखनिज हे मुळात गंजलेलेच लोह आहे, ऑक्साइड. तिथल्या ढिगाऱ्यांनी शेतात आणि नदीत गाळ भरला, खाणी भूजलाच्या खाली गेल्या आणि विहिरी आटल्या. ते दुखणे मोठेच, पण जातकुळी वेगळी. तेच भंडारा-नागपूरच्या मँगनीजचे. तिथे मोकळ्या दगडावर काही उगवत नाही हा मुख्य प्रश्न होता, आणि नागपूरच्या नीरीमध्ये डॉ. आशा जुवारकर यांनी साखर कारखान्याचा प्रेसमड आणि मुळांशी राहणारे उपयुक्त जिवाणू-बुरशी वापरून गुमगावसारख्या ठिकाणी ढिगाऱ्यांवर झाडे उभी केली. फार चांगले काम. पण पायराइटच्या ढिगाऱ्यावर नुसती झाडे लावून भागत नाही. वर हिरवे दिसते आणि पोटात काम चालू राहते.

आपल्या सीमेवरचे खरे उदाहरण म्हणजे मलाजखंड. गोंदियाच्या पलीकडे बालाघाट जिल्हा, तिथून बैहरमार्गे वर गेले की हिंदुस्तान कॉपरची तांब्याची खाण. १९८२ पासून सुरू. देशातली सर्वात मोठी तांब्याची खाण ती हीच. तिथले तांबे गंधकाशी बांधलेले आहे, सोबत पायराइट आहे, आणि खडक ग्रॅनाइटच्या जातीचा. ग्रॅनाइटमध्ये चुना नगण्य. म्हणजे विस्तव आहे आणि मणी जवळजवळ नाही. कमी प्रतीच्या दगडाच्या ढिगाऱ्यांखालून आम्ल, तांबेयुक्त पाणी निघते, यावर संशोधकांनी शोधनिबंध लिहिले आहेत. ते पाणी धरून ठेवावे लागते, चुना घालून शमवावे लागते. हा सगळा मुलूख बंजर नदीच्या खोऱ्यातला. बंजर कान्हाच्या जंगलाला लागून वाहते आणि मंडल्याला नर्मदेला मिळते.

आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना इथे तांब्याचा साठा आहे, तोही गंधकयुक्त. विजेची गाडी, सौर पंप, वाऱ्याच्या चक्क्या, सगळ्याला तांबे लागते. मी खाणींच्या विरोधात बोलायला उभा नाही. घरात तांब्याची तार वापरून तसे बोलणे मला जमणार नाही. मी एवढेच विचारतो आहे की दगड फोडण्याच्या पहिल्या दिवशी आपण कोणती वजाबाकी केली होती.

उपाय काय, याचे उत्तर नैयायिकांनी देऊन ठेवलेच आहे. सामग्रीतला एक घटक काढा. पायराइट काढता येत नाही, तेच तर दगडात आहे. मग हवा काढा, नाहीतर पाणी काढा, नाहीतर मणी ठेवा.

हवा काढण्याचा सर्वात खात्रीचा मार्ग म्हणजे ढिगारा पाण्याखाली बुडवणे. ऐकायला उलटे वाटते, पण पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी. म्हणून आम्लजनक दगड आणि दळलेल्या दगडाचा गाळ, ज्याला टेलिंग म्हणतात, तो खाणीच्या रिकाम्या खड्ड्यात टाकून वर कायम पाणी ठेवतात. अट एकच, ते पाणी मे महिन्यातही राहिले पाहिजे. मराठवाड्यातल्या माणसाला या अटीचा अर्थ समजावून सांगायला नको. अर्धा बुडालेला, अर्धा उघडा ढिगारा हा सर्वात वाईट. बंधारा घालून पाणी अडवायचे तर बंधाऱ्याचीही काळजी. स्पेनमध्ये अस्नालकोयारला २५ एप्रिल १९९८ रोजी असाच गाळाचा बांध फुटला आणि आंबट चिखल नदीकाठच्या शेतांत मैलोन् मैल पसरला.

पाणी काढायचे तर ढिगाऱ्यावर आच्छादन घालायचे. इथे आपल्याकडचे लोक म्हणतात, काळी माती घाला ना, ती पाणी धरते. धरते, पण उन्हाळ्यात तिला हात हात भेगा पडतात. त्या भेगांतून हवा आत जाते आणि मृगाचे पाणीही सरळ आत उतरते. म्हणून नुसती काळी माती उपयोगाची नाही. दाबून बसवलेली चिकणमाती, तिच्या खाली-वर भरड वाळू-खडीचे थर, वर माती आणि उथळ मुळांचे गवत, असे थरांवर थर द्यावे लागतात, उतार काढावा लागतो आणि उंदीर-घुशींपासून, गुरांपासून ते राखावे लागते. राखावे लागते हा शब्द महत्त्वाचा. आच्छादन म्हणजे घराचे छप्पर आहे, एकदा घातले आणि विसरलो असे चालत नाही.

मणी ठेवायचा तर चुनखडी. ती दगडात सुरुवातीपासून मिसळली तर उत्तम. थर लावतानाच मिसळायची. नंतर ओढ्यात चुनखडीचे दगड टाकणे हा लोकप्रिय उपाय आहे आणि बहुतेक वेळा फसतो. पाण्यातले लोह गंजून दगडावर नारिंगी कवच चढवते, आत चुना असतो पण पाण्याला तो भेटत नाही. म्हणून हवा न लागणाऱ्या बंद चरातून, लोह गंजण्याआधीच, पाणी चुनखडीवरून नेण्याची युक्ती काढली. त्याच्या पुढे पाणथळ जागा, जिथे शेणखत-भुसा कुजतो आणि दुसऱ्या जातीचे जिवाणू सल्फेटचे पुन्हा सल्फाइड करून धातू खाली बसवतात. म्हणजे जे चाक वर फिरले ते खाली उलटे फिरवायचे. छोट्या प्रवाहाला हे चालते. मोठ्या प्रवाहाला मात्र भाजलेल्या चुन्याचा कारखाना लागतो, वीज लागते, माणसे लागतात, आणि रोज निघणारा धातूंचा चिखल ठेवायला आणखी एक जागा लागते.

इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलला व्हील जेन नावाची कथिलाची खाण होती. मार्च १९९१ मध्ये ती बंद झाली आणि पंप थांबवले. खाण हळूहळू भरली. जानेवारी १९९२ मध्ये आंबट पाणी उसळून बाहेर आले आणि खाडी नारिंगी झाली. त्यानंतर सरकारी खर्चाने उभारलेला शुद्धीकरणाचा कारखाना तिथे आजही चालतो. कथिल कोणी विकले आणि चुना कोण विकत घेतो आहे, हे दोन्ही प्रश्न एकदम विचारून पाहा.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. धातूंच्या खाणींसाठी बंद करण्याचा आराखडा २००३ पासून आवश्यक झाला. कोळशासाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यात उघड्या खाणीला हेक्टरी सहा लाख आणि भुयारी खाणीला हेक्टरी एक लाख या दराने पैसे एस्क्रो खात्यात ठेवण्याची तरतूद झाली. चांगली सुरुवात होती. पण माझी हरकत मापावर आहे. आम्ल हेक्टरवर ठरत नाही. ते गंधक आणि चुना यांच्या फरकावर ठरते. चुन्याने भरलेल्या दगडाचा हेक्टर आणि पायराइटने भरलेल्या दगडाचा हेक्टर यांना एकच अनामत लावणे म्हणजे उसाला आणि ज्वारीला एकच पाणीपट्टी. ठेव वजाबाकीवर लावा. वजाबाकी उणे आली तर ठेव अशी हवी की तिच्या व्याजातून पाण्याची शुद्धी कायम चालेल. कंपन्या म्हणतील, मग तो दगड काढणे परवडणार नाही. बरोबर आहे. काही दगड परवडत नाहीत, आणि हे आधीच कळलेले बरे.

वेळ झाली आहे. दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांची उत्तरे देतो.

पहिली : "जालन्याच्या स्टील कारखान्यांची मळी, म्हणजे स्लॅग, चुन्याऐवजी खाणीत वापरता येईल का?" प्रश्न हुशारीचा आहे. अमेरिकेत पोलाद कारखान्यांचे स्लॅग आंबट पाण्यावर वापरतात, कारण त्या भट्ट्यांत चुना घातलेला असतो. पण आपल्याकडे मुख्यतः भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आहेत. त्यांचे अस्तर सहसा सिलिकाचे, वाळूच्या जातीचे, आणि स्लॅगही त्याच वळणाचे. त्यात चुना फारसा नसतो. नाव एकच असले तरी वस्तू वेगळी. तपासल्याशिवाय ट्रक भरू नका.

दुसरी चिठ्ठी वणीकडून आलेल्या पाहुण्यांची दिसते : "आमची विहीर ढिगाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. पाणी अजून चांगले आहे. काय बघावे?" नुसता सामू बघू नका. सामू सगळ्यात शेवटी पडतो. प्रयोगशाळेत सल्फेट आणि टोटल अल्कलिनिटी, या दोन तपासण्या मागा. अल्कलिनिटी म्हणजे पाण्यात मणी किती उरला आहे ते. दर वर्षी सल्फेट चढत असेल आणि अल्कलिनिटी उतरत असेल, तर सामू सात असला तरी तयारीला लागा. नमुना दोनदा घ्या, एकदा मेअखेर आणि एकदा पहिले दोन मोठे पाऊस झाल्यावर लगेच. बाटलीवर तारीख लिहा आणि सगळे कागद एका पिशवीत ठेवा.